कुंथलगिरीची हिरवाई आणि पायथ्याची गावे

श्रावण-भाद्रपदात कुंथलगिरीस जाणाऱ्या यात्रेकरूला बालाघाटाचे डोंगर दुष्काळी मराठवाड्यातील वाटतच नाहीत. उतारांवर दाट गवत, ओघळींतून वाहणारे पाणी आणि माथ्यावर मंदिरांची शिखरे. कुलभूषण व देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ च्या पावसाळ्यात येथेच सल्लेखना स्वीकारली आणि ३६ दिवसांनंतर, १८ सप्टेंबर रोजी त्यांचे समाधिमरण झाले. त्यांच्या अंत्यदर्शनास आलेल्या समाजानेही हीच हिरवाई पाहिली असेल.

ही हिरवाई मात्र अल्पायुषी. काळ्या कातळावर मुरमाड मातीचा पातळ थर. पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. कार्तिक सरता सरता गवत पिवळे पडते. खरिपाचा उडीद घरात आला की शेतात काम उरत नाही. दुभत्या जनावराचा तेवढा आधार. या भागातील खवा दूरवर प्रसिद्ध आहे. मात्र म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधातून एक किलो खवा उतरतो. वैरण, सरपण आणि भट्टीवरची मजुरी वजा जाता उत्पादकाच्या हाती काय राहते, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

म्हणून भूम, वाशी, कळंब या तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामापूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुने देणे फेडण्यात संपते आणि पुढे चार-पाच महिने टनामागे मिळणाऱ्या मजुरीतून वळती होते. हंगाम आखूड झाला किंवा घरात आजारपण आले, तर बाकी पुढील वर्षावर चढते. हे सरळसरळ कर्ज आहे. फरक इतकाच की बहुधा कर्जदाराच्या हाती पासबुक नसते, पावती नसते, हिशेब मुकादमाच्या वहीत. ज्या समाजात दिवाळीस वहीपूजन होते, त्याला या एका उणिवेचे गांभीर्य चटकन कळावे.

आणि तिथीचा योग पाहा. अमावास्येच्या पहाटे भगवान महावीरांच्या निर्वाणाचा लाडू मंदिरात चढतो. त्याच आठवड्यात पायथ्याच्या गावांतून ट्रॅक्टर निघतात. ट्रॉलीत भांडी, पांघरुणे, शेळी आणि मुले. मूल फडावर गेले की धाकट्या भावंडाला सांभाळते, वाढ्याच्या पेंढ्या बांधते. चैत्रात परतते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. एक-दोन हंगाम असे गेले की बारा-तेरा वर्षांच्या हाती कोयता येतो.

यावर शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहते आणि त्याच्या दोन्ही वेळच्या जेवणाची सोय होते. योजना उत्तम, परंतु ती वेळेवर सुरू होणे महत्त्वाचे. ट्रॅक्टर गेल्यावर आलेली मंजुरी त्या वर्षापुरती व्यर्थच. मधल्या पंधरवड्याचा शिधा आणि सायंकाळी अभ्यासास बसविणारे एखादे सुशिक्षित माणूस, एवढ्यानेही काही मुले मागे राहू शकतात. १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने लातूर-धाराशिवकडील सुमारे १२०० मुलांस शिक्षणासाठी पुण्यास नेले होते. येथे तर मुलांना कोठे न्यावयाचेही नाही, गावातच ठेवावयाचे आहे.

दर्शन करून परतताना पेढ्यांसाठी गाडी थांबतेच. गावातील शाळा तेथून फार दूर नसते. दिवाळीच्या सुटीनंतर पटावरील किती मुले वर्गात आली नाहीत, ते गुरुजी नावानिशी सांगतात.