प्रसूतिगृहांतील पडदा

भोईवाड्यांतील रहिवाशास वाडिया प्रसूतिगृहाचा रस्ता कोणास विचारावा लागत नाहीं. सर नेस वाडिया यांनीं आपले पिते नौरोसजी वाडिया यांच्या स्मरणार्थ १९२६ सालीं तें उभारलें, आणि त्याच वर्षीं शेजारींच के. ई. एम. रुग्णालय सुरू झालें. गिरणगांवांतील कामकरी बाईचें बाळंतपण तोंपर्यंत बहुधा चाळींतील एकाच खोलींत, दहा माणसांच्या वर्दळींत उरकलें जाई. पुढें १९२९ सालीं मुंबई इलाख्यानें कारखान्यांतील स्त्रियांसाठीं प्रसूतिसाह्याचा कायदा केला. हिंदुस्थानांत तसा तो पहिलाच. त्याच्या आदल्या वर्षीं कायदेमंडळांत त्याचें समर्थन करतांना डॉ. आंबेडकरांनीं मातेची विश्रांति ही राष्ट्राच्या हिताची बाब ठरविली, आणि तिच्या खर्चाचा बराच भार सरकारनें उचलावा असें प्रतिपादन केलें. आज, २०१७ च्या दुरुस्तीनें, ही पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची झाली आहे.

म्हणजे खाट मिळाली, रजाही मिळाली. त्या खाटेवर असतां तिच्याशीं कोणी कसें वागावें, हा प्रश्न मात्र मागेंच राहिला.

वाचकांनीं आपल्या घरांतील स्त्रियांस एकदां सहज विचारून पाहावें. कळा असह्य झाल्या असतां दरडावणें, क्वचित् मांडीवर चापट, ‘तेव्हां कळलें नव्हतें काय?’ असा निलाजरा टोमणा, आडोसा नसतां चारचौघांदेखत तपासणी, न विचारतां घातलेला छेद: हें सारें इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यास गाऱ्हाणें म्हणण्याचेंही कोणास सुचत नाहीं. एखाद्या विशिष्ट संस्थेवर ठपका ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. हा रोग जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१४ सालीं याच वर्तनाचा जाहीर निषेध केला, आणि त्यांत बिल न भरल्यामुळें बाळंतिणीस व अर्भकास अडकवून ठेवण्याचाही उल्लेख आहे. पोटावर दाब देऊन मूल बाहेर ढकलूं नये, सरसकट छेद घेऊं नये, असें तिनें २०१८ सालीं स्पष्ट सांगितलें.

परिचारिकेची बाजूही ऐकली पाहिजे. रात्रपाळीस एकटीनें अनेक बायांकडे पाहणाऱ्या स्त्रीचा तोल कधीं सुटला, तर दोष तिच्या एकटीच्या पदरीं टाकणें हा अन्याय होईल. तिला सौजन्याचे पाठ देणाऱ्यांनीं आधीं तिच्या जोडीस दुसरी बाई द्यावी. तथापि अपमानास मनुष्यबळाची टंचाई हें उत्तर नव्हे. नांव घेऊन हाक मारण्यास शिवी देण्याहून अधिक वेळ लागत नाहीं.

भारत सरकारनें २०१६ सालीं सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळीं एक सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. ती स्वतः बाळंतपणांतून गेलेली असावी व तिनें उपचारांत ढवळाढवळ करूं नये, एवढीच मुख्य अट. आई, सासू, जाऊ, कोणीही चालेल. ही मुभा कित्येक घरांस ठाऊकच नाहीं! शिवाय एका खाटेची सोबतीण शेजारच्या खाटेवरील उघड्या स्त्रीस दिसूं नये, तर मध्यें पडदा हवा, आणि येथेंच सारें अडतें. आमच्या उदार व्यापारी बंधूंस संगमरवरी पाटीवर नांव हवें असतें. पडद्यावर नांव कोरतां येत नाहीं, म्हणून पडदे येत नाहींत.

मूल झाल्यावर तर सर्वांचें लक्ष पाळण्याकडे. वास्तविक अतिरक्तस्रावाचा खरा धोका पहिल्या चोवीस तासांतच असतो. तेवढा वेळ तरी तिची नाडी, तिचें रक्त, तिची तहान यांकडे कोणीतरी पाहावें. आणि मुलगी झाली तर तोंड वांकडें करून तिला ती वार्ता सांगूं नये. सरकारी रुग्णालयांत औषध, रक्त व जेवण विनामूल्य देण्याची योजना २०११ पासून आहे. साध्या प्रसूतींत तीन दिवस, शस्त्रक्रियेंत सात दिवस जेवण तिच्या हक्काचें आहे. तेथें ‘पेढ्यांचे पैसे’ म्हणून कोणी हात पुढें केला, तर ते देऊं नयेत व त्याच दिवशीं अधीक्षकांकडे लेखी तक्रार करावी.