गाडी मागे घेण्यापूर्वी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी असलेल्या एका एकत्र कुटुंबात रोज सकाळी साडेनऊच्या सुमारास ठरलेला क्रम असे. घरातील वडीलधारे अण्णा पेढीवर जाण्यासाठी गाडीत बसत, तीन वर्षांचा नातू ओट्यावरून हात हलवून त्यांना निरोप देई आणि अंगणातून गाडी मागे घेत अण्णा रस्त्यावर येत. अंगण अरुंद असल्याने गाडी वळवून घेण्यास जागा नव्हती. वर्षानुवर्षे हे असेच चालले होते.

गेल्या वर्षी एका सकाळी गाडी दोन हात मागे गेली आणि चाकाखाली काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. अण्णांनी ब्रेक दाबला व खाली उतरून पाहिले. नातवाची तीनचाकी सायकल मागच्या चाकाखाली आडवी पडून चेपली होती. नातू कुठे होता? तो स्वयंपाकघरात आजीजवळ दूध पीत होता. सायकल तेथेच टाकून त्याला आत जाऊन पाच मिनिटेही झाली नव्हती. मोडकी सायकल अण्णांनी स्वतःच्या हाताने बाजूला केली. त्या दिवशी ते पेढीवर गेले नाहीत.

रात्री जेवणानंतर सूनबाईंनी विषय काढला. ‘‘अण्णा, गाडीला मागचे सेन्सर बसवून घेऊ या.’’

‘‘चाळीस वर्षं गाडी चालवतोय. आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही,’’ अण्णा म्हणाले; परंतु त्यांच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

‘‘दोष तुमचा नाही, अण्णा. ती सायकल आरशात दिसणारच नव्हती.’’

सूनबाईंचे म्हणणे यथार्थ होते. मोटारीच्या मागच्या काचेची खालची कड जमिनीपासून बरीच उंच असते. चालकाची दृष्टी त्या कडेवरून जेथे जमिनीला टेकते, तेथपर्यंतचा सारा पट्टा त्याला अदृश्य राहतो. बाजूचे आरसे गाडीच्या दोन्ही अंगांचे दाखवतात, बंपरच्या बरोबर मागचे दाखवीत नाहीत. बसलेले किंवा वाकलेले मूल या पट्ट्यात असले, तर कितीही अनुभवी चालकाला ते दिसत नाही. येथे कौशल्य अपुरे पडते असे नव्हे. दृष्टीची रेषाच तेथे पोहोचत नाही.

याची किंमत जगाने मोजलेली आहे. अमेरिकेत २००२ साली कॅमरन गुलब्रान्सेन हा दोन वर्षांचा मुलगा घरासमोर मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून दगावला. गाडी त्याचे वडीलच चालवीत होते आणि ते व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ होते. त्या मुलाच्या नावाने तेथे कायदा झाला. त्याला अनुसरून पुढे नियम आला, की मे २०१८ पासून तयार होणाऱ्या सर्व नव्या हलक्या वाहनांत, गाडीच्या पाठीमागील १० फूट रुंद व २० फूट लांब क्षेत्र चालकाला दिसलेच पाहिजे. तेथे कॅमेरे सक्तीचे झाले ते यामुळे. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रवासी मोटारींत मागील पार्किंग सेन्सर अनिवार्य झाले. चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा आणि वेगमर्यादेचा इशारा हेही त्याच वेळी सक्तीचे करण्यात आले. अण्णांची गाडी २०१६ सालची. तिच्यात सेन्सर नव्हते. अशा जुन्या गाड्या अजून असंख्य घरांच्या अंगणात उभ्या आहेत आणि त्यांना बाहेरून संच बसवून घेता येतो.

या उपकरणाचे तत्त्व वटवाघळाच्या उडण्यासारखे आहे. बंपरमध्ये बसवलेल्या प्रत्येक सेन्सरमधून ध्वनीचे स्पंद बाहेर पडतात. त्यांची कंप्रता सेकंदाला ४० हजारांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. माणसाचा कान सुमारे २० हजारांपर्यंतच ऐकू शकतो, म्हणून ते आपल्याला ऐकू येत नाहीत. हा ध्वनी अडथळ्यावर आपटून परततो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तेव्हा एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनी सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे सहा भागांत परत येतो. जाण्यायेण्याच्या या वेळेवरून डिकीत बसवलेली नियंत्रण पेटी अंतर काढते. अडथळा जवळ येत जाईल तसतशी बझरची पीप-पीप जलद होते आणि साधारण एक फुटाच्या आत आल्यावर आवाज अखंड वाजू लागतो.

पुढच्या रविवारी अण्णांचे चिरंजीव गाडी ओळखीच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे घेऊन गेले. अण्णाही सोबत गेले. मालाची खरेदी आणि तपासणी दुसऱ्यावर सोपवण्याची त्यांना सवय नव्हती. चार सेन्सर, नियंत्रण पेटी, वायरी, बझर आणि बंपरला भोक पाडण्याचे गोल कटर असा तो संच होता. अण्णांनी प्रथम पक्के बिल व हमीपत्र मागितले आणि मगच कामास संमती दिली.

कामाचा मुख्य भाग मोजमापाचा असतो. बंपर धुऊन पुसल्यावर कारागिराने जमिनीपासून उंची मोजली. सेन्सर साधारण ५० ते ६० सेंटिमीटर उंचीवर यावेत. त्याहून खाली बसवल्यास किंवा ते खाली कलल्यास जमिनीचाच प्रतिध्वनी येऊन बझर विनाकारण वाजतो. फार वर बसवल्यास ठेंगणे अडथळे सुटतात. बंपरवर कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर चार खुणा करण्यात आल्या. दोन खुणा कोपऱ्यांजवळ व दोन मध्ये, अंतरे समान. बंपरच्या आत लोखंडी पट्टी किंवा दिव्याची वायर नेमकी त्या जागी नाही ना, हेही वाकून पाहावे लागते, कारण एकदा पाडलेले भोक बुजत नाही. मग बारीक ड्रिलने मध्यबिंदू पाडून त्यावर कटर चालवण्यात आले. कटर संचासोबत आलेलेच वापरावे. भोक एखाद्या मिलिमीटरने मोठे झाले, तरी सेन्सर सैल बसतो आणि रस्त्यावरील हादऱ्यांनी फिरतो.

प्रत्येक सेन्सरच्या पाठीवर वरची बाजू दाखवणारा बाण असतो. ध्वनीचा झोत आडवा रुंद व उभा अरुंद असतो. म्हणून सेन्सर फिरवून बसवल्यास तो जमीन पाहू लागतो आणि बाजूचे सोडून देतो. घाईत होणारी ही सर्वांत सामान्य चूक. वायरी डिकीच्या तळातील रबरी बुचातून आत घेतल्या गेल्या, जेणेकरून पाणी शिरणार नाही आणि पत्र्याच्या कडेने वायर कापली जाणार नाही. सायलेन्सरच्या उष्णतेपासूनही त्या दूर बांधल्या. नियंत्रण पेटीला वीज रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीतून मिळते. रिव्हर्स गिअर पडला की दिवा लागतो आणि त्याबरोबरच सेन्सर जागे होतात. हा जोड उघडा पिळून त्यावर टेप गुंडाळण्यापेक्षा योग्य कनेक्टर वापरून, छोट्या फ्यूजसह करावा. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर वायर कापण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात अवश्य विचारावे, कारण विजेच्या जोडणीत फेरफार आढळल्यास त्या भागाची हमी नाकारली जाऊ शकते. बाहेरून बसवलेले विद्युत साहित्य विमा पॉलिसीत आपोआप समाविष्ट होत नाही. जादा हप्ता भरून त्याची स्वतंत्र नोंद करावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

दोन-अडीच तासांत काम संपले. कारागिराने गाडी भिंतीकडे मागे घेतली, बझर वाजला, सारे समाधानी झाले. अण्णा मात्र म्हणाले, ‘‘घरी जाऊन तपासतो.’’

अंगणात गाडी उभी करून हँडब्रेक ओढला. चिरंजीवांनी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली आणि रिव्हर्स गिअर टाकला. अण्णा एकेक वस्तू मागे ठेवू लागले. हळदीचे रिकामे खोके दीड मीटरवर ठेवताच पीप ऐकू आली. खुर्चीवर घडी घालून टाकलेली गोधडी बरीच जवळ आणल्यावर बझर वाजला, कारण मऊ कापड ध्वनी परत पाठवण्याऐवजी शोषून घेते. उभ्या धरलेल्या छत्रीच्या बारीक काठीची जाणीव त्याला कधी झाली, कधी झाली नाही. शेवटी अण्णांनी ती चेपलेली सायकल आणली. एक मीटरवर उभी केली तेव्हा बझर वाजला. मग ती बंपरला लागून, त्या सकाळी पडली होती तशीच आडवी ठेवली.

बझर गप्प राहिला.

सूनबाई ओट्यावरून पाहत होत्या. ‘‘बिघडला का हो?’’ त्यांनी पतीला विचारले. सेन्सर बिघडला नव्हता. ध्वनीचा झोत सेन्सरपासून पुढे जाताना रुंदावत जातो. मीटरभर अंतरावर तो जमिनीजवळ पोहोचतो. परंतु बंपरच्या लगत अजून उंचच असतो. त्यामुळे बंपरखाली, अगदी जवळ असलेली ठेंगणी वस्तू त्याच्या झोताखाली राहते. गाडी भिंतीकडे किंवा दुसऱ्या गाडीकडे मागे जात असताना अडथळा दुरून जवळ येतो आणि सेन्सर त्याला वेळीच पकडतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना स्थिती उलटी असते. मूल, सायकल, थंडीने चाकाआड झोपलेले कुत्र्याचे पिल्लू ही आधीच बंपरला बिलगून असतात. घराच्या अंगणात ज्या क्षणाची आपल्याला सर्वाधिक धास्ती, नेमक्या त्याच क्षणी हे उपकरण सर्वांत दुबळे असते.

मग ते बसवूच नये का? तसे नाही. बाजारपेठेतील गर्दीत, तळघरातील खांबांमध्ये, रात्रीच्या पावसात सेन्सर बसवल्याची किंमत पुन्हा पुन्हा वसूल होते, आणि मागून चालत येणाऱ्या माणसाचीही तो बहुधा सूचना देतो. पण पेढीवर मुनीम कितीही विश्वासू असला, तरी दिवसाअखेरीची शिल्लक मालक स्वतः मोजतो. बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सेन्सरची नोंदही अशीच दुसऱ्या तपासणीवाचून अपुरी आहे. बझर वाजला तर थांबावे, हा त्याचा अर्थ पक्का. बझर वाजला नाही म्हणजे मागे काही नाही, हा अर्थ मात्र आपण आपल्या पदरचा जोडतो.

त्या संध्याकाळी अण्णांनी घरात तीन नियम सांगितले आणि ते स्वतःलाही लागू केले. गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि वाकून खाली पाहायचे. गाडी निघताना मुलांचा हात घरातील कोणा एका मोठ्या माणसाच्या हातात असायचा. ‘कोणीतरी पाहील’ हे चालायचे नाही. आणि मागे जाताना काच खाली, गाणी बंद, वेग माणसाच्या चालीइतका. फेरीला अर्धा मिनिटही लागत नाही आणि तिच्यासाठी वायर जोडावी लागत नाही.

पावसाळ्यात एकदा बझर विनाकारण वाजू लागला. पाहिले तर एका सेन्सरवर चिखल वाळला होता. ओल्या फडक्याने पुसताच आवाज थांबला. तेव्हापासून गाडी धुताना चारही सेन्सर पुसण्याचे काम नातवाकडे आले आहे. गाडी उभी असताना, आजोबा शेजारी असताना आणि चावी आजोबांच्या खिशात असतानाच ते करायचे, असे त्याला बजावले आहे.

नवी सायकल आली आहे. तिच्यासाठी ओट्यावर भिंतीत एक कडी ठोकली आहे. साडेनऊला अण्णा बाहेर येतात, आधी कडीकडे पाहतात, मग गाडीभोवती फेरी मारतात. आजीचा हात धरून ओट्यावर उभा असलेला नातू मोठ्याने विचारतो, ‘‘आजोबा, खाली बघितलं का?’’ अण्णा पुन्हा एकदा वाकून पाहतात, ‘‘बघितलं रे बाळा,’’ म्हणतात आणि मगच दार उघडतात.