मज्जापेशीतली वीज

घरातल्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत मात्र सगळा कारभार क्षारांचा. पेशीबाहेर सोडियमचे आयन भरपूर, आत पोटॅशियमचे. पोटॅशियम पेशीच्या पातळ पटलातून बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहते. आकडा किरकोळ वाटेल. पण पटलाची जाडी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहून कमी, त्यामुळे एवढ्याशा अंतरात तो मोठाच ठरतो, हे विसरू नका.

उद्दीपनामुळे हा फरक ठरावीक मर्यादेपर्यंत घटला, की पटलातली सोडियमची दारं उघडतात. सोडियम आत घुसतं, त्याने आणखी दारं उघडतात, आणि मिलिसेकंदाच्या आत आतली बाजू धन होते. मग ती दारं मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पेशी पूर्वस्थितीला येते. तोवर शेजारचा भाग जागा झालेला असतो. संदेश असा पुढे सरकतो. अर्धामुर्धा संदेश नसतोच. वेदना तीव्र असेल तर संदेश मोठा होत नाही, संदेश अधिक वारंवार, एकापाठोपाठ येतात.

हे उलगडलं ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी, माकुळाच्या मज्जातंतूवर. तो जवळपास अर्धा मिलिमीटर जाड, म्हणून १९३९ साली त्यात चक्क इलेक्ट्रोड घालता आला. पुढे युद्धामुळे काम थांबलं. १९५२ मध्ये त्यांनी समीकरणं मांडली, तेव्हा ही दारं कोणी पाहिलीही नव्हती! मला त्यातलं हेच सर्वांत थक्क करणारं वाटतं. १९६३ चं नोबेल त्यांना जॉन एकल्स यांच्यासह मिळालं.

दातांचे डॉक्टर देतात ते लिडोकेनचं इंजेक्शन सोडियमची हीच दारं अडवतं.