बारा बोर, सहा नंबर: काडतुसांची पेटी कशी वाचायची

नोव्हेंबर जवळ आला की ओळखीतले दोन-तीन जण हा विषय काढतातच. ऑफिसातला कुणीतरी फेझंटच्या शिकारीला बोलावतो, हौसेनं हो म्हटलं जातं, आणि मग दुकानातल्या काडतुसांच्या भिंतीसमोर माणूस गोंधळून उभा राहतो. शिकार करावी की करू नये, हा वाद आज बाजूला ठेवूया. आमच्या घरातही तो अजून मिटलेला नाही. आज फक्त पेटीवरचे आकडे पाहू.

पहिला आकडा बोरचा, इथले लोक त्याला गेज म्हणतात. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. बाराची नळी साधारण 18.5 मिलिमीटर, विसाची 15.6.

इथेच सगळ्यात मोठा धोका आहे, म्हणून जरा थांबतो. विसाचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत टाकलं, तर ते घसरत पुढे जाऊन नळीत अडकतं. चाप ओढला, बार झाला नाही, म्हणून मागून बाराचं काडतूस भरलं आणि पुन्हा चाप ओढला, की नळी हातातच फुटते. म्हणून तर विसाची काडतुसं पिवळ्या रंगाची करायची पद्धत आहे. दोन बोरांची काडतुसं एका खिशात कधीही ठेवू नका. घरात दोन बंदुका असतील तर पिशव्याही वेगळ्या ठेवा.

दुसरा आकडा लांबीचा: पावणेतीन इंच किंवा तीन इंच. ही बार झाल्यानंतर उघडलेल्या काडतुसाची लांबी असते. त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची बंदुकीत आरामात बसतं, पण उघडायला पुढे जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. 'बसलं म्हणजे चालतं' असं इथे नाही. नळीवर कोरलेलं माप वाचा.

आता छर्ऱ्याचा नंबर. हिशेब सोपा आहे: 17 मधून नंबर वजा करा, उरेल तितके शतांश इंच छर्ऱ्याचा व्यास. सहा नंबर म्हणजे 11 शतांश इंच, सुमारे 2.8 मिलिमीटर. चार नंबर 3.3 मिलिमीटर, साडेसात नंबर 2.4. इथेही आकडा वाढला की माप लहान. एक औंस शिशात सहा नंबरचे साधारण 225 छर्रे येतात, साडेसातचे 350, चारचे जेमतेम 135.

ज्यांच्या आजोबांकडे बारा बोर होती, त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपल्याकडे ब्रिटिश मापं चालत. तिथला सहा नंबर 2.6 मिलिमीटरचा, म्हणजे अमेरिकन सहापेक्षा बारीक. आजोबांचा 'तित्तराला सहा नंबर' हा मंत्र इथे जसाच्या तसा लागू करू नका. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तो मंत्र तसाही आठवणीपुरताच उरला.

निवड कशी करायची? मोठा छर्रा लांबवर जोर टिकवतो, पण संख्या कमी पडते. बारीक छर्रे दाट पडतात, पण लवकर दमतात. चुकीच्या निवडीत पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात जातो आणि सापडत नाही. मला शिकारीतली हीच गोष्ट सर्वांत वाईट वाटते. न्यू जर्सीत हॅकेट्सटाउनजवळच्या रॉकपोर्टला राज्याचं फेझंट फार्म आहे. तिथे वाढवलेले पक्षी असनपिंक, कॉलियर्स मिल्स अशा राखीव क्षेत्रांत सोडतात. कुत्र्यानं उठवलेला फेझंट जवळूनच उडतो. बारा बोरात सव्वा औंस, सहा नंबर शिसं घ्या आणि विसरून जा. लाव्याला साडेसात किंवा आठ पुरे.

बदकं आणि कॅनडा गूज यांचा नियम वेगळा. 1991 पासून साऱ्या देशात पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद आहेत, कारण तळाशी पडलेले छर्रे पक्षी खड्यांबरोबर गिळतात आणि विषबाधेनं मरतात. पर्याय पोलादाचा. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा: शिसं सहा, तर पोलाद चार. बदकाला पोलादी दोन किंवा चार, गूजला बीबी. मात्र जुन्या, आवळलेल्या तोंडाच्या नळीतून पोलाद मारू नका. आधी बंदूक दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. (रूझवेल्ट पार्कातले गूज कितीही त्रास देवोत, ते या कार्यक्रमाच्या कक्षेत येत नाहीत.)

घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल, तर फेझंटलाही पोलाद किंवा बिस्मथ वापरा. शिशाचे बारीक कण रश्शात दिसत नाहीत.

आता व्हिसाचं. एच वन बी किंवा एच फोरवर असाल, तर फेडरल कायद्यानं बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. अपवाद आहे: एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. तो संपला की अपवादही संपला. 'मित्राची पेटी आमच्या गॅरेजमध्ये आहे' हे सुद्धा बाळगणंच ठरू शकतं. एवढ्यावरून ग्रीन कार्ड अडकायला नको, म्हणून आधी वकिलाला विचारा. परवान्याआधी न्यू जर्सीत शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तो मात्र नक्की करा. शिकारीला न जाणाऱ्यांनीही करावा असा आहे.

आणि शेवटी, माझ्यावर गुदरलेला प्रसंग. गेल्या डिसेंबरात पुण्याला जायची बॅग भरताना बायकोनं माझं जाड जाकीट उचललं आणि म्हणाली, "अहो, हे काय?" आतल्या खिशात एक पिवळं काडतूस. विमानतळावर ते निघालं असतं, तर भारतात शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला असता. नकळत राहिलं हे पटल्यावर न्यायालयांनी अशी प्रकरणं रद्द केली आहेत, पण तोवर सुट्टी, परतीचं तिकीट आणि नोकरी सगळंच टांगणीला. आता शिकारीचं जाकीट गॅरेजमध्येच टांगलेलं असतं, आणि हंगाम संपला की त्याचे सगळे खिसे बायको स्वतः उलटे करून बघते.