*‘ते खालचं हिरवं बटण’ म्हणजे नेमकं कोणतं?*



ई-पीक पाहणीचे दिवस आले की ऑफिसचा फोन दिवसभर वाजतो. तक्रार बहुतेक अशीच असते: “खालचं हिरवं दाबलं, पण पुढं जातच नाही.” आता हिरवं म्हणजे कोणतं, हे इकडे बसून कळत नाही. तुमची स्क्रीन लहान असेल किंवा अक्षरं मोठी करून ठेवली असतील, तर तेच बटण तुमच्या फोनवर दुसऱ्या जागी दिसतं. कधी कधी पान वर सरकवल्याशिवाय दिसतच नाही.

मग अंदाजाने बोट लागतं आणि एका गटाचं पीक दुसऱ्या गटावर चढतं. हमीभाव खरेदीच्या नोंदणीला सातबाऱ्यावरची पीक नोंद बघतात, तेव्हा ही चूक महागात पडते. म्हणून फोनवर विचारताना किंवा शेजाऱ्याला सांगताना एवढं पाळा.

*१) आधी पान, मग बटण.* वर काय लिहिलंय ते सांगा. “गट क्रमांक निवडायच्या पानावर आहे” म्हटलं की निम्मं काम झालं.

*२) नाव जसं लिहिलंय तसंच वाचा.* ‘जतन करा’ आणि ‘अपलोड’ एकच नाही. काही अ‍ॅपमध्ये जतन केलेली माहिती फोनमध्येच राहते, अपलोड केल्यावरच पुढे जाते. “सेव्ह का काहीतरी दाबलं” म्हणू नका.

*३) नाव नसेल तर आकार सांगा.* तीन आडव्या रेषा, तीन उभे ठिपके, दातेरी चाक, मागे जाणारा बाण. रंग आणि जागा त्यानंतर.

*४) काय केलं ते सांगा.* बटण *दाबतात*, रिकाम्या चौकटीत *लिहितात*, यादीतून *निवडतात*. लहान चौकोन असतील तर एकाहून जास्त ठिकाणी टिक करता येते. लहान गोल असतील तर त्यातला एकच निवडता येतो.

*५) बटण फिकं दिसतंय का?* तसं असेल तर बहुधा वरची एखादी चौकट भरायची राहिली आहे. पुन्हा पुन्हा दाबू नका, वर जाऊन बघा.

*६) लाल अक्षरातली सूचना शब्दन् शब्द वाचा.* “एरर आला” एवढ्यावरून काही कळत नाही. बऱ्याच फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबलं की स्क्रीनचा फोटो निघतो, तो पाठवा. पण ओटीपी किंवा आधार क्रमांक दिसत असेल तो फोटो कुणालाच पाठवू नका, आम्हालासुद्धा नाही.

❌ “ते खालचं दाबलं, होत नाही.”
✅ “गट क्रमांकाच्या पानावर आहे. यादीतून गट निवडला. ‘पुढे’ बटण फिकंच आहे, दाबलं जात नाही.”

दुसऱ्या निरोपावर उत्तर दोन मिनिटांत देता येतं.

चूक आमचीही आहे. मागच्या मेसेजमध्ये आम्हीच “हिरवं बटण दाबा” असं लिहिलं होतं. यापुढे पानाचं आणि बटणाचं नाव स्क्रीनवर दिसतं तसंच लिहू. कुठे चुकलो तर बिनधास्त सांगा.

शेवटच्या तारखेची वाट बघू नका. घरात ज्याच्या हातात फोन असतो, त्यालाही हा मेसेज दाखवा. 🙏