रस्त्यांचे संशोधन : पैसा आपला, फायदाही आपला

आम्ही कापडाचे व्यापारी. बिल्टी हातात पडली की भाडे तेवढे पाहतो. गाडी दोन दिवस उशिरा आली, गाठी भिजल्या, तर रस्त्याला दोष देऊन मोकळे होतो. पण रस्ता किती जाड असावा, त्यावरून किती वजन न्यावे, हे ठरवण्यासाठी जो अभ्यास लागतो त्याचा खर्च कोण करतो? व्यापारी बंधूंनो, तो खर्च आपल्याच खिशातून होतो.

आपल्याकडे याची सुरुवात १९२७ साली झाली. त्या वर्षी सरकारने बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली. पेट्रोलवर जादा कर घेऊन तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा, अशी शिफारस तिने केली. त्यानुसार १९२९ मध्ये गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. १९३४ मध्ये रस्ते अभियंत्यांची 'इंडियन रोड्स काँग्रेस' स्थापन झाली. रस्तेबांधणीचे नियम आजही तीच ठरवते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दिल्लीत केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली.

ही संस्था वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या अखत्यारीत आहे. तिचा मूळ खर्च केंद्राच्या खजिन्यातून चालतो. शिवाय मंत्रालये, राज्य सरकारे व कंपन्या एखादा प्रश्न सोपवतात आणि त्या कामाचे पैसे देतात.

याचे एक उदाहरण आपल्या बाजारपेठेजवळचे, सुरतेचे आहे. पोलाद कारखान्यांतून निघणाऱ्या स्लॅगचे डोंगर साचतात. त्याचा उपयोग शोधण्याचे काम पोलाद मंत्रालयाने या संस्थेकडे दिले. संशोधनानंतर २०२२ मध्ये हजिरा येथे खडीऐवजी प्रक्रिया केलेला स्लॅग वापरून सुमारे एक किलोमीटरचा सहापदरी रस्ता झाला. टाकाऊ माल कामी आला आणि डोंगर फोडून खडी काढणे तेवढे वाचले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे, पण आपल्या धंद्याशी त्याचा थेट संबंध आहे. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. खर्चाचा मोठा भाग सरकारी होता. त्यातून मोठा हिशोब हाती आला. एक्सलवरील वजन दुप्पट झाले की रस्त्याचे नुकसान दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. दहा टनांच्या जागी बारा टन भरले, तरी नुकसान दुपटीहून अधिक! भारतातही रस्त्याची जाडी ठरवताना हाच हिशोब धरतात.

आता आपणच विचार करावा. ओव्हरलोड गाडीत भाड्याचे चार पैसे वाचतात. पण त्याच रस्त्यावर खड्डे पडतात, टायर व स्प्रिंग तुटतात, माल रखडतो आणि पुढच्या खेपेला भाडे वाढून येते. वर रस्तादुरुस्तीचा बोजाही करातून आपल्यावरच पडतो.

म्हणून आमचे सांगणे दोन गोष्टींचे आहे. माल भरताना वजनकाट्याची पावती पाहावी. आणि गावात नवा रस्ता होत असेल तेव्हा तो किती वजनाच्या वाहतुकीसाठी आखला आहे, हे व्यापारी संघटनेने लेखी विचारावे. ज्या अभ्यासासाठी आपण पैसे मोजले, त्याचा हिशोब मागणे हा आपला हक्क आहे.