सुपरवायझर इंग्लंडचा, विद्यार्थिनी पुण्याची: बोलणं अडलं की दोघं वाद्यं का उचलतात?

समजा, लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेली पुण्याची एक मुलगी म्युझिक थेरपी शिकायला लंडनला गेली. शिकता शिकताच तिला रुग्णांसोबत काम करायचंय आणि त्याबद्दल अनुभवी थेरपिस्टशी नियमित बोलायचंय. याला म्हणतात सुपरव्हिजन.

सुपरवायझर विचारतो, "सेशनमध्ये तुला काय वाटलं?" ती म्हणते, "चांगलं झालं, सर." (तिथे नावाने हाक मारतात, पण तिच्या तोंडून 'सर'च निघतं.) पुढे शांतता. त्याला वाटतं, हिला स्वतःचं मतच नाही. तिला वाटतं, मोठ्यांसमोर आपलं रडगाणं काय गायचं? शिवाय मनातली कालवाकालव इंग्रजीत सांगायची कशी?

अशा वेळी इम्प्रोव्हायझेशन कामी येतं. म्हणजे आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचं, आपल्याकडच्या भाषेत उपज. ती रुग्ण होऊन वाजवते, सुपरवायझर थेरपिस्ट होतो. मग अदलाबदल. नंतर दोघं रेकॉर्डिंग ऐकतात. ती ढोल बडवत असताना तो मध्ये थांबला होता, हे तिला ऐकू येतं. आणि आपण खऱ्या सेशनमध्ये रुग्णाला अशी एकही जागा दिली नव्हती, हेही लक्षात येतं.

याची एक मुळी लंडनमध्येच आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला साउथॉलच्या सेंट बर्नार्ड्स मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मेरी प्रिस्टली यांनी दोन सहकाऱ्यांसोबत स्वतःवरच असे प्रयोग केले. त्यातून 'इंटरथेरप' ही प्रशिक्षणपद्धत आली: दोन विद्यार्थी आळीपाळीने रुग्ण आणि थेरपिस्ट होतात, सुपरवायझर समोर असतो.

मग प्रश्न सुटला? 'संगीत ही जगाची भाषा' हे वाक्य ऐकायला छान आहे, पण इथे ते फसवतं. ना ठरलेला सूर, ना ताल, असं 'मुक्त' वाजवणं ही युरोपातल्या प्रशिक्षणाची सवय आहे. जिच्या कानात तानपुऱ्याचा सा बसलाय, तिला तो काढून घेतल्यावर मोकळं नाही, अधांतरी वाटू शकतं. तिने भैरवी छेडली तर कोमल सुरांमुळे त्याला दुःख ऐकू येईल. तिच्या मनात मात्र मैफलीचा शेवट असेल.

सगळ्यात घोटाळ्याची जागा वेगळीच आहे. ती प्रत्येक वेळी त्याच्या मागोमाग वाजवते. तो लिहितो: 'पुढाकार घेत नाही.' पण आपल्या बैठकीत पेटीवाला गायकाच्या किंचित मागेच असतो. ती साथसंगत आहे, बुजरेपणा नव्हे. आणि रुग्ण जे वाजवतो, ओरडतो, ते पकडून त्याला साथ देणं हेच तर थेरपिस्टचं काम! १९५९ साली एकत्र आलेल्या पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी दिव्यांग मुलांसोबत हेच केलं. म्हणजे जे कमी म्हणून नोंदवलं गेलं, ते तिचं बळ असू शकतं. अर्थात, ती खरंच घाबरलेलीही असू शकते. नुसतं ऐकून ते कळत नाही, विचारावं लागतं.

त्यात पास-नापास त्याच्याच सहीवर. अशा माणसासमोर 'मोकळेपणाने वाजव' हे सांगणं सोपं, वाजवणं अवघड. निदान काही वेळा वाद्य आणि सूर तिने निवडावेत. तानपुरा तिचा, ताल तिचा, साथ त्याची. मग सम कुठे येणार याची वाट बघत बसायची पाळी त्याच्यावर येते.